पेटीतल्या पेटीतल्या डबीपर्यंत

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे आणि नव्या चष्म्यातून अक्षर नीट दिसतं का, ते सविस्तर कळव. इथे सगळे ठीक आहेत आणि मी ठीकच्याही चार पावलं पुढे आहे. आत्या, मी जिंकलो! नववीत तुझ्या तासाला भर वर्गात तू मला बजावलं होतंस, की गणिताच्या वाटेला जाऊ नकोस, तू आपली भाषणं कर. या आठवड्यात मी दोन्ही केलं.

आमच्या नाटक मंडळीच्या कपडेपटाचा मी प्रमुख आहे, हे तुला ठाऊकच आहे. (प्रमुख म्हणजे एकटा.) नव्या शिंपीणबाईंना सगळी मापं सेंटिमीटरमध्ये हवी होती आणि आमची संगणकातली यादी इंचांत. यादी तरी कशी? पेट्यांत गाठोडी, गाठोड्यांत थैल्या, थैल्यांत डब्या. व्यवस्थापक म्हणाले, बाहेरून माणूस बोलावू. मी ताडकन खुर्चीवर उभा राहिलो आणि श्रमाच्या प्रतिष्ठेवर वीस मिनिटं बोललो. शेवटी गर्जलो, की शुक्रवारपर्यंत हे मी स्वतः केलं नाही, तर कपडेपटाची किल्ली या टेबलावर ठेवीन! टाळ्या पडल्या. व्यवस्थापकांनी कागद बाजूला सारून टेबलावर किल्लीपुरती जागाही करून ठेवली.

इंचांचे सेंटिमीटर करायला मी एक छोटं फंक्शन, म्हणजे संगणकासाठी हुकूमनामा, लिहिलं: जे मिळेल त्याला दोन पूर्णांक चोपन्न शतांशाने गुण. ते यादीवर सोडलं, तर संगणक पहिल्याच पेटीपाशी अडला. पेटीला कसं गुणू, म्हणे! आत्या, माझं रक्त उसळलं. जगातल्या प्रत्येक सुधारणेची हीच गत! ती वरच्या पेट्यांना भेटून परत फिरते आणि तळाच्या डबीतल्या मोज्याला तिची बातमीही लागत नाही. माझ्या कपडेपटात हे चालणार नाही, असं मी ठणकावलं (ऐकायला फक्त कपड्यांचे पुतळे होते, पण एकानेही विरोध केला नाही) आणि फंक्शनला नवा हुकूम दिला: उघडता येईल ते उघड आणि आतल्या प्रत्येकासाठी स्वतःलाच पुन्हा हाक मार; उघडता येत नसेल, तर गुण. याला रिकर्शन म्हणतात. मी समता म्हणतो.

संगणक धडाडीने निघाला आणि ‘टोपी’ या शब्दात अडकला. शब्द म्हणजे अक्षरांची पेटी, असं त्याने परस्पर ठरवलं. उघडली, तर आत ट. तो ट उघडला, तर आत तोच ट. असा हजार वेळा ट उघडून त्याने हात टेकले. (एवढी चिकाटी आमच्या एकाही नटात नाही.) तेवढ्यात शिंपीणबाई दारात.

“काय हो वक्ते, टोपीत अडकलात?”

“बाई, याला शब्द कळत नाही.”

“मग सांगा ना त्याला, शब्दाला हात लावू नकोस म्हणून. एरवी इतकं बोलता, आणखी एक वाक्य बोला की!”

बोललो. शब्द दिसला तर तसाच ठेव. बस! पापणी लवायच्या आत सातशे मापं बदलली आणि प्रत्येक माप आपल्याच डबीत, आपल्याच गाठोड्यात, आपल्याच पेटीत परतलं. राजाचा अंगरखा आणि द्वारपालाचा मोजा, दोघांना एकच न्याय! यादी व्यवस्थापकांपुढे ठेवली. ते उठून उभे राहिले, आत्या. किल्ली माझ्या खिशात आहे.

तुझा भाचा
(तुझ्याच हातून गणितात दोनदा नापास)

ता. क. शिंपीणबाईंनी आत्ताच यादी पुरती वाचली. राजाच्या अंगरख्याला बारा बटणं होती. आता तीस पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांश आहेत. बटणं इंचांत मोजत नाहीत, हे संगणकाला सांगायचं राहिलं. व्यवस्थापकांना अजून पत्ता नाही.

आणखी एक ता. क. घाबरून सगळी यादी उलट भागायला लावली. घाईत दोनदा. राजा आता माझ्या गुडघ्याएवढा आहे. मिळेल त्या गाडीने ये. व्यवस्थापकांना मी सांगून ठेवलं आहे, की आत्या माझं शुक्रवारचं भाषण ऐकायला येते आहे. (भाषण त्यांनीच ठेवलं आहे. विषय: स्वावलंबन.)