चौघांचे चार सूर

१ डिसेंबर १९५७, रविवार. डहाणू.
बाजारात तलासरीच्या मिशन शाळेचे इनास मास्तर भेटले. मूळचे वसईचे, पायपेटी वाजवतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या क्वायरचा, म्हणजे गायकवृंदाचा, कार्यक्रम आहे, लॅटिन स्तोत्रांचा, सर्वांना खुला. जाड आवाजाचा एक गडी बदली होऊन गेला. म्हणाले, सर, तुमच्यासारखा आवाज दोन तालुके धुंडाळले तरी मिळायचा नाही. नाही म्हणणे उद्धटपणाचे झाले असते.
आनंदीबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, आवाज जाड आहे हे आख्ख्या आळीला माहीत आहे, तुम्ही झोपलात की कळतेच. बायकोने कौतुक केले तरी ते असे.
संकल्प : उद्यापासून पहाटे खर्जाची साधना.

२ डिसेंबर, पहाटे.
खर्ज लावला. शेजारचे गोविंदराव, रेल्वेतले बुकिंग क्लार्क, कुंपणाशी येऊन विचारू लागले, म्हशीला बरे नाही का. आमच्याकडे म्हैस नाही. इंजिनाच्या शिट्ट्या ऐकून कान गेलेल्या माणसावर रागवायचे काय.

३ डिसेंबर.
थंडी. घशाला जपणे हीही साधनाच. उठलो नाही.

८ डिसेंबर, रविवार.
एस.टी.ने तलासरी. पहिली तालीम. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला लॅटिनची भीती नव्हतीच. पाटेर म्हणजे पितर, देउस म्हणजे देव. आपल्याच घरची मुलगी, दूर दिलेली, एवढेच. हे क्वायरला समजावून सांगितले. पाऊण तास गेला. इनास मास्तर घड्याळाकडे पाहून हसले. विद्वत्तेची कदर आहे.
पण गाणे सुरू झाले आणि धक्का बसला. पुढच्या मुली एक चाल गातात, मागच्या दुसरी, बाप्ये तिसरी, आणि आम्ही जाडे तिघे चौथीच. चौघांचे चार सूर. मास्तर डोळे मिटून वाजवतात, त्यामुळे त्यांच्या लक्षात येत नसावे. पहिल्याच दिवशी बोलून दाखवणे बरे दिसले नसते.

११ डिसेंबर.
अन्याय आठवून झोप नाही. खरी चाल मुलींकडे. आम्हांला काय? दोन सूर, आळीपाळीने, बैलाने रवंथ करावे तसे. मी इतकी वर्षे गाणे ऐकले ते यासाठी?
आनंदीबाई म्हणतात, तुम्हांला सांगितलंय तेवढं गा. मी म्हटले, चुकीचे सांगितले असेल तर? त्या म्हणाल्या, तरी तेवढंच गा.

१५ डिसेंबर, रविवार.
लवकर पोहोचलो. माझे दोन जाडे साथीदार, मिशनच्या ट्रकचा ड्रायव्हर दौलत आणि बागेवरचा चिमण, यांना हॉलमागच्या चिंचेखाली नेले आणि मुलींची चाल एक सप्तक खाली शिकवली. चिमण म्हणाला, सर, मास्तर मारतील. मी म्हटले, ऐकल्यावर पाया पडतील. दौलत म्हणाला, कोणाच्या? त्याला विनोदाची सवय आहे.
ठरले : तालमीत जुनेच गायचे. खरे गाणे कार्यक्रमाच्या दिवशी. मास्तरांना आनंदाचा धक्का.

२२ डिसेंबर.
शेवटची तालीम. इनास मास्तर आम्हां तिघांना बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही घराचा पाया आहात. पाया दिसत नाही, पण हलला तर छप्पर राहत नाही. दौलतने माझ्याकडे पाहिले. मी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. सज्जन माणूस. लवकरच कळेल.

२६ डिसेंबर, रात्री.
हॉल भरलेला. समोर फादर, तिसऱ्या रांगेत आनंदीबाई, नवी साडी.
आम्ही चाल उचलली. पुढच्या लतिकाबाई, मिशन दवाखान्यातल्या नर्स, आपलीच चाल खालून येताना ऐकून आपणच चुकलो असे समजल्या आणि भलतीकडे गेल्या. त्यांच्यामागून मुली गेल्या. मग बाप्ये थांबले. आम्ही तिघेच उरलो. वरच्या सुराला चिमणचा श्वास संपला. दौलतला खोकला आला, माझ्या मते मुद्दाम. पण मी एकटा डगमगलो नाही. समेवर एक छोटी तान घेतली.
इनास मास्तरांनी डोळे उघडले. प्रथमच.
हॉल स्तब्ध. मला वाटले, भारावले. आनंदीबाई पदराचा काठ मोजत होत्या.
मास्तर जवळ आले, अगदी हळू म्हणाले, सर, दमला असाल. जरा खाली बसा. मी बसलो. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दौलत आणि चिमण निर्लज्जपणे जुन्या दोन सुरांवर परतले.
नोंद करणे भाग आहे : खालून वेगळे ऐकू येते. ते दोन सूर जमिनीतून आल्यासारखे आले, आणि बाकीचे सगळे त्यांच्यावर उभे राहिले. हॉलची बांधणी चांगली असावी.
परतताना एस.टी.त आनंदीबाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. हे बरे लक्षण नाही.

२९ डिसेंबर, रविवार.
इनास मास्तर घरी आले, नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, घेऊन. क्वायरला एक तारखेला घोलवडला एका इराणी शेटच्या बंगल्यावर बोलावणे आहे. मी घसा साफ केला. मास्तर म्हणाले, जाड्यांचे दोघांत भागेल, सर. जाणकार माणूस समोर बसला की पोरांना धीर येतो. तुम्ही समोर बसा.
म्हणजे बढतीच. गाणारे चाळीस मिळतात, जाणकार एक.
आनंदीबाई म्हणाल्या, तोंड मिटून बसायला सांगितलंय त्यांनी. मी म्हटले, तेच तर. त्या म्हणाल्या, जमेल?

१ जानेवारी १९५८. घोलवड.
पहिल्या रांगेत खुर्ची. चिकूच्या बागेवरून गार वारा. स्तोत्र सुरू झाले. आमची ती दोन सुरांची ओळ मनातल्या मनात धरली. प्रथमच अचूक बसली. एकदाही मुलींकडे वळलो नाही. दौलत, चिमण आणि मी. पायात तिघेच, पण वर सगळे घर.
आनंदीबाईंनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत चारचौघांत प्रथमच. मला भरून आले. बाईला गाणे कळले.
मग कानाशी वाकून म्हणाल्या, अहो, गुणगुणू नका. मास्तर बघतायत.