रुग्णाने स्वतःच्या हाताने सही करावी

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: रजिस्ट्री! मणक्याला मार बसून हात लुळे पडलेल्या पेशंटच्या हातांचं आपण ऑपरेशन करतो, पण पुढे कोणाचं काय झालं याची एकत्र नोंदच नाही. तीन महिन्यांत काम फत्ते. मी एकदा मनावर घेतलं की घेतलं.

९ जानेवारी
ओपीडीत एक शिंपी. वर्षापूर्वी जिन्यावरून पडून मान मोडली. मनगट उचलतं, बोटं हलत नाहीत. विचारत होता, ऑपरेशन केलेल्यांपैकी किती जणांना पेन धरता येतं? फसलं तर आहे ते मनगटही जाईल अशी धास्ती. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करायचीय म्हणे. म्हटलं, थांबा, रजिस्ट्री आकडा देईल.

२ फेब्रुवारी
फॉर्ममधले प्रश्न चौदावरून शहाण्णव. फिजिओबाई म्हणाल्या, माझ्या वहीत आहे की सगळं, घेऊन जा. वही! हसून सोडून दिलं.

१८ फेब्रुवारी
कमिटीने फॉर्म पास केला. फक्त नवे पेशंट, आणि ऑपरेशनच्या आधीच भरायचा. 'रुग्णाने स्वतःच्या हाताने सही करावी, अंगठा चालणार नाही' हे कलम माझं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

६ मार्च
एकही फॉर्म परत नाही. लोकांना शिस्त म्हणून नाही.

७ मार्च
फिजिओबाई म्हणाल्या, अहो डॉक्टर, ज्याला सही करता येते तो ऑपरेशनला येईल कशाला? मुद्दा बरोबर, सांगायची पद्धत उद्धट. कलम बदलायचं तर कमिटी थेट जुलैत. घरी सांगितलं. बायको पाच मिनिटं हसत होती. तिला ताण असावा.

२० मार्च
शिंपी परत आला. आकडा मिळाला का? म्हटलं, लोगो तयार आहे. दाखवला.

११ एप्रिल
परिषदेत रजिस्ट्रीवर भाषण. टाळ्या. परत येतो तर काय, ज्युनिअरने शिंप्याचं ऑपरेशन उरकलं! फिजिओबाईंनी त्याला वही दाखवली म्हणे: एकोणीसपैकी पंधरा जणांना पेन धरता येतं. एकोणीसही पेशंट माझेच. मग मला कोणी का नाही सांगितलं? (सांगितलं होतं. ओझरतं.)

२८ जुलै, दुपार
कलम बदललं, अंगठा चालेल. तेवढ्यात शिंपी तपासणीला आला. प्रगतिपुस्तक दाखवलं. सही वाकडीतिकडी, पण त्याची स्वतःची. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. 'ऑपरेशनच्या आधीच' हा नियम शिथिल करून लगेच फॉर्म पुढे केला. त्याने शहाण्णवही प्रश्न शांतपणे वाचले. अंगठ्याच्या चिमटीत पेन धरलं. 'सहभागी व्हायचं नाही' यावर खूण केली. खाली सही ठोकली, पूर्ण नावाची.
पकड उत्तम. रजिस्ट्रीत सहभागी: शून्य.

संध्याकाळ
फिजिओबाईंकडे वही मागायला गेलो. त्या विसावं नाव लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, अर्ज करा. खाली स्वतःच्या हाताने सही हवी.