बाभळीच्या डावीकडची गॅलक्सी

आबा, आभाळातल्या गोष्टीचा पत्ता कोण बाभळीवरून सांगतं? "दिवाळी झाली की, जेवणाआधी, विहिरीच्या कट्ट्यावरून बघायचं. बाभळीचा शेंडा, त्याच्या डावीकडं दोन बोटं. तिथं गॅलक्सी हाय, भोवऱ्यासारखी." झालं. तुम्ही गेलात, अन् मागल्या वर्षी बाभळ पण तोडली. आता दक्षिणेला नुसतं आभाळ उरलंय, लय मोठं.

मला काय पडली नव्हती. पण धाकटी मागं लागलीये. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती, तिला तुमचं काहीच आठवत नाय. "ताई, आबा बघायचे ते मला एकदा दाखव," रोज तेच. तिच्या शाळेत ताऱ्यांचं सांगायला एक सर येतात. त्यांना विचारायला गेले होते, पण नववीतच शाळा सोडलेली मी, फाटकापासूनच परत फिरले. परक्यापुढं माझं तोंडच उघडत नाय, तुम्हाला माहितीच हाय.

शेवटी आईला म्हणलं, शेवंतीवरचे बल्ब थोडा वेळ बंद करू का, अंधार पाहिजे. संध्याकाळी उजेड कमी पडला की शेवंती अवेळी कळी धरते, तिला तीच धास्ती. "तुझ्या बापानं रोज रोज बंद करून अख्खा प्लॉट कळीवर आणला होता," म्हणाली. मग स्वतःच बटण दाबलं, अन् बाभळीच्या खुंटापाशी बांबू उभा धरला. "शेंडा एवढा होता. बघ लवकर, हात दुखतोय."

तुमची दुर्बीण हातात नुसती हलते, आबा. तुम्ही मला बरोबर का न्यायचे ते आत्ता कळलं. मला पुढं उभं करून माझ्या खांद्यावर कोपरं टेकायचे, "हलू नको" म्हणायचे, अन् मला दाखवायचे सगळ्यात शेवटी, ते पण घाईघाईनं. मी तुमचा स्टँड. लय राग यायचा.

काल धाकटीला कट्ट्यावर उभी केली अन् तिच्या खांद्यावर कोपरं टेकली. भोवरा कसला, काचेवर फुंकर मारल्यावर उमटतो तेवढा डाग.

"ताई, दिसली का? माझा नंबर कधी?"

"हलू नको," मी म्हणलं.

नंतर दाखवली तिला. "एवढंच?" म्हणाली. आई तिकडून ओरडली, "झालं का, का मी पण बाभळच होऊ इथं?"

हे पत्र कुठं टाकायचं नाय, दुर्बिणीच्या पिशवीत राहील. म्हणून सांगते, मला गॅलक्सी लगेच सापडली होती. थंडी होती, धाकटीचे खांदे गरम होते. मी उगाच बघत राहिले.