शिखरावरून बाबांना हाक

प्रिय ताई,

तुला नमस्कार. बाबांनाही माझा नमस्कार कानाशी लागून सांग.

काल आम्ही तिघंही तिसऱ्या शिखरावर सुखरूप पोचलो. माझे गुडघे कुरकुरतात, पण काळजी करू नकोस. ठरल्याप्रमाणे बरोबर दहाला वायरलेस लावला आणि बाबांना हाक दिली. लकव्यानं वाचा गेल्यापासून ते उत्तर म्हणून तीनदा बटण दाबतात ना, त्या आवाजाची वाट पाहत बसलो. अर्धा तास नुसती खरखर. आधीच्या दोन्ही शिखरांवरही हेच झालं होतं.

मग बटण दोनदा दाबल्याचं खट्‌खट् आलं. "आजोबा बोलले!" म्हणत पोरगी नाचायला लागली. मी मागं वळून पाहिलं, तर खडकाआड बायको आमचा वायरलेसचा दुसरा सेट ओढणीखाली लपवत होती. तीनदा दाबायचं असतं, हे तिला बिचारीला ठाऊक नव्हतं.

बाबा जेवतात का गं? तू त्यांना सेटपाशी बसवतेस ना? की आता माझा आवाजही ओळखत नाहीत? खरं काय ते लिही.

नाहीतर नकोच लिहूस. रविवारी शेवटचं शिखर आहे. दहाला बटण तीनदा दाबलं जाऊ दे. कोणी दाबलं, ते मी विचारणार नाही.

तुझा धाकटा