रागातलं ‘येते’

अगं,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. लग्न होणार आहे, निश्चिंत ऊठ.

सकाळी सहाला लेक माझ्या टेबलाशी आली. “बाबा, तू लिहिलेलं ‘कधीच सोडून जाणार नाही’ हे वचन मी म्हणणार नाही. पहिल्या नवऱ्यानेही हेच म्हटलं होतं. दुसरं लिही, नाहीतर लग्न राहू दे.”

माझी पाचावर धारण बसली. लोकांना लग्नाची वचनं लिहून देणं हा माझा धंदा; खलाशाच्या वचनातून ‘रोज’ काढणारा, सत्तरीतल्या वधूवरांना ‘मोठ्याने बोलेन’ लिहून देणारा मी. घरच्या लेकीसाठी पेन हलेना. शेवटी लिहिलं, ‘रागाने घराबाहेर पडले, तरी “येते” म्हणूनच पडेन.’

तिने ते फोनवर होणाऱ्या जावयाला ऐकवलं. तो म्हणाला, “मीही हेच म्हणतो. फक्त मला रागात चपला सापडत नाहीत, तेवढं सांभाळून घे.” ती खो खो हसली. दोन वर्षांनी तिचं हसू ऐकलं गं!

तिला घेऊन पुढे निघतोय. तू अकरापर्यंत सभागृहात पोहोच. माझा चष्मा सापडला तर आण, नाही सापडला तरी चालेल. लेक धूसर दिसली, की सांगायला कारण हवंच.