आईच्या खोलीतला दिवा

बोईसर,
दि. १२ जानेवारी २०२४

चि. कैलास यास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमची मासेमारीची बोट समुद्रात हद्दीपलीकडच्यांनी धरली त्याला वर्ष होत आलं, तरी तुरुंगाच्या पत्त्यावर काय लिहावं ते मला अजून सुचत नाही. म्हणून माझ्या खेळण्यातल्या रेल्वेचं लिहितो. टेबलावर वाणगाव स्टेशन उभं राहिलं. त्याच्या मागे आपलं एडवणचं घर बसवलं. एडवणला रेल्वे कुठून आली म्हणशील, पण टेबल माझं आहे.

घरांच्या आत दिवे लावताना नाकी नऊ आले. पांढऱ्या एलईडीचा उजेड दवाखान्यासारखा दिसतो, म्हणून तुझ्या वहिनीची केशरी नेलपॉलिश त्यावर फासली. ती अजून बाटली शोधते आहे. पुठ्ठ्यातून उजेड झिरपायचा, तेव्हा भिंतींना आतून काळा कागद लावला. सगळ्या खोल्यांत दिवे लावले की घर दुकान वाटतं. त्यामुळे जिथे माणूस, तिथेच दिवा, हा माझा नियम. स्वयंपाकघरात तुझी हंसा, पडवीत अभ्यासाला तुमची लेक भाविका. मागची आईची खोली अंधारी ठेवली आहे, त्याने पुढचा उजेड छान खुलतो.

मंडळी खुशाल आहेत. जिवाला जप, आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
एकनाथदादा

---

दि. २० एप्रिल २०२४

ती. दादास कैलासचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचून हसलो. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडलो. जिथे माणूस तिथे दिवा, असं तूच लिहिलंस. मग आईची खोली अंधारी का?

इथे घरचं पत्र आलं की आम्ही आधी त्यात कोण नाही ते बघतो. आमच्या बोटीवरच्या सुकाला भावाने पानभर लिहिलं, बापाचं नाव मात्र कुठेच नव्हतं. बाप गेल्याचं त्याला नंतर कळलं. तेव्हापासून मला भीती वाटते आहे. दादा, आई आहे का? काय असेल ते खरं लिही. मला सांभाळून घ्यायला जाऊ नकोस.

मी खुशाल आहे. हंसाला आणि पोरीला सांग. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
कैलास

---

बोईसर,
दि. ३ जुलै २०२४

चि. कैलास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

चूक माझी. दिव्यांच्या नादात काय लिहितोय याचं भान राहिलं नाही. तुला धरल्याची बातमी आली त्या दिवसापासून ती खोलीत निजतच नाही. ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून पडते. पाऊस आला तरी हंसाला दाद देत नाही. मध्ये तापली होती, पाय अजून सुजलेले आहेत. तुला घोर नको म्हणून मी हे लिहिलं नव्हतं. टेबलावरच्या घरालाही ओटा केला आणि तिथे दिवा लावला.

पण आता मला भीती वाटते आहे. तुझं पत्र मी एडवणला जाऊन तिला वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेतला, बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली की कैलासच्या ओळी अशा सरळ नसतात, त्या वर चढत जातात. तिला अक्षरओळख नाही, तरी हे तिने पाहिलं. मग मी नीट बघितलं. अक्षर तुझं नाही. तू खुशाल आहेस तर मग हाताला काय झालं? लिहिणारा कोण आहे? तो तुझ्या सांगण्यावरून लिहितो आहे ना? पुढचं मला लिहवत नाही.

लहानपणी बोंबील कापताना आईच्या कोयत्याने तुझा डावा अंगठा आडवा चिरला होता. आई म्हणते, पत्र कुणीही लिहू दे, खाली त्या अंगठ्याचा ठसा हवा. शाई नसेल तर काजळी चालेल. तो वण ती बोटाने चाचपून ओळखेन म्हणते. कागदावर वण हाताला लागत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

खुशालीच्या ओळी नकोत. फक्त अंगठा पाठव. वाटेकडे डोळे लावून आहोत.

तुझा,
एकनाथदादा