लाल ठिपका उजव्या कानाला

सगळ्यांत आधी आली ती नात. तिच्यामागे जावई, उंबऱ्यातच घुटमळत, आणि त्याच्यामागे धापा टाकत खालची शिवणवाली, कोण आलंय ते बघायला. हे गेल्या रविवारचं. मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत असं शिवणवालीचं म्हणणं, तिनं तिच्या सासऱ्यांचं वाचलेलं आहे. पण नात आली नसती तर हे लिहायची गरजच नव्हती. माझं एक मृत्युपत्र आधीच झालेलं आहे. ते चुकीचं आहे.

तर आता रीतीप्रमाणे. मी, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण चौथी, रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्याची बायको, हे स्वतःच्या हाताने आणि शाबूत डोक्याने लिहीत आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी काही पाजलेलं नाही, चहा सोडून. येत्या शुक्रवारी माझ्या उजव्या कानामागची गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, ऐकू यायचं मात्र बंद होईल. डावा कान लहानपणीच तापात गेला. म्हणजे शुक्रवारनंतर दोन्हीकडे सामसूम. जीव राहील असं ते म्हणतात, पण तसं लिहून कुठे देतात? म्हणून आजच.

हे गेले त्या वर्षी, म्हणजे सतरा वर्षांपूर्वी, मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातलं तिसरं कलम तर फाडून टाकावे. ते काय होतं हे पुढे लिहीन, लगेच लिहवत नाही.

कलम एक. या घराची पुढची खोली मुलाला, मागची नातीला. मुलगा म्हणेल, मागच्या खोलीला वेगळं दार नाही. नसू दे. तिनं पुढच्या खोलीतून ये-जा करावी आणि मामानं करू द्यावी. मामीनंही, तोंड वाकडं न करता.

कलम दोन. दोन मोठे स्पीकर सूनबाईला, वरच्या कुंड्यांसकट. यांच्यामागे तिनं त्यांच्या वायरी तोडून टाकल्या. म्हणाली, "आई, तुम्हाला एका कानानं ऐकायचं, त्याला दोन कपाटं कशाला?" फार राग होता मला. आता तिच्यावर नाही. स्पीकर चालू असते तर खोलीतला सगळा आवाज माझ्या चांगल्या कानापर्यंत आला असता आणि सतरा वर्षं वाया गेली नसती. पण हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

कलम तीन. आता लिहिते. जुन्या मृत्युपत्रात या जागी असं होतं: "माझ्या मुलीने मरणाच्या दारात असलेल्या बापाला एका शब्दानेही उत्तर दिले नाही, सबब तिला माझ्या घरातील चमचासुद्धा मिळू नये."

त्याचं असं. हे कुठलंही यंत्र दुरुस्त झालं की त्याच्यासमोर आम्हाला बसवून बोलायला लावायचे. शेवटचा टेपरेकॉर्डर यांनी आजारपणात, पाठीला उशा लावून दुरुस्त केला. त्याला माइक दोन, एक यांच्यापुढे, एक मुलीपुढे. मी औषध आणायला गेले होते. आठवड्यानं मुलगी तिच्या पसंतीच्या मुलाबरोबर लग्न करून लांब गेली, महिन्यानं हे गेले. कॅसेट राहिली. मी ती यांच्या मोठ्या हेडफोनवर ऐकायची. मला डावं-उजवं कळावं म्हणून यांनी एका बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. लाल ठिपका उजव्या कानाला, उलटं घालायचं नाही, अशी ताकीद होती. मी कधी चुकले नाही.

त्यात हे विचारतात, "मी गेल्यावर आईला बघशील ना?" मग काही नाही, नुसती खरखर. मग हे म्हणतात, "मोठ्यानं बोल, आवाजाचा काटा हलत नाही." पुन्हा खरखर. मग, "बरं." संपलं.

यांचं ते "बरं" मी सतरा वर्षं ऐकलं आणि दर वेळी मुलीचा नव्याने राग केला. दोन वर्षांपूर्वी ती वारली. मी गेले नाही. हेही मृत्युपत्रात असावं.

रविवारी नातीनं माझ्यासाठी नवे हेडफोन आणले. चौदा वर्षांची आहे, पहिल्यांदाच पाहिली, आणि काय सांगू, मला तिला कुठे ठेवू नि कुठे नको झालं. सारखी हसते. मी डबा उघडला.

"अगं, वायर कुठे विसरलीस?"

"आजी, याला वायर नसतेच!"

"मग आवाज कुठून येणार?"

"हवेतून."

"मग तो हिलाही ऐकू येत असेल."

"येऊ दे की," शिवणवाली म्हणाली, "तुमच्या घरातलं मला तसंही सगळं ऐकू येतं."

मी आणखी विचारलं. झोपेत डोक्यावरून निसटले तर? चार्ज उतरला तर बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटतं का? उलटे घातले तर बिघडतात का? प्रत्येक प्रश्नाला नात आधी हसायची, मग उत्तर द्यायची. तिची आई असंच करायची. मग तिनं आजोबांच्या यंत्राकडे मोर्चा वळवला.

"पुढचं गाणं कुठल्या बटणावर?"

"पुढचं बिढचं काही नाही. आजोबांचं बोलणं आहे. लाल ठिपका उजव्या कानाला."

तिनं घातले, ऐकलं, आणि तिचं हसू गेलं.

"आजी, आई बोलतेय."

"कुठली बोलतेय? एक अक्षर बोलली नाही ती."

"बोलतेय ना, या बाजूनं," म्हणून तिनं आपला डावा कान दाखवला. हेडफोन काढले आणि माझ्या डोक्यावर उलटे घातले. मी म्हणत होते, उलटं घालू नको, आजोबा रागावतील.

यांचा आवाज गेला, तो लाल ठिपक्याच्या बाजूनं माझ्या बहिऱ्या कानाकडे. मुलगी बोलत होती. "बघीन ना, बाबा." मग जरा मोठ्यानं, काट्यासाठी, "म्हटलं, बघीन! पण तीच यायची नाही माझ्याकडे. तिच्या उजव्या बाजूला बसून बोलायचं, हे मी त्याला आत्तापासूनच शिकवून ठेवलंय. ती किती का चिडेना, मी येत राहीन."

ती आली होती. बापाच्या दहनानंतर येऊन माझ्या उजवीकडे बसली. मी उठले आणि मुद्दाम अशी बसले की ती डावीकडे यावी. ती बराच वेळ बोलत होती, तिच्या समोरचा चहा निवून गेला. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. ते बोलणं कुठल्याही कॅसेटवर नाही. पुढे दोनदा आली, तेव्हा मी दार उघडलं नाही.

रविवारी डोळे पुसून पाहिलं तर जावई माझ्या उजवीकडे येऊन बसले होते. विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं इकडे बसायला?"

"हिनंच. लग्नाआधी. घोकूनच घेतलं होतं," ते म्हणाले. "पण आपल्याकडे बसायचा योगच आला नाही."

टोमणा मारला असता तरी चाललं असतं. त्यांनी मारला नाही.

सबब तिसरं कलम आता असं: माझे दागिने, बँकेत असेल ते, तो टेपरेकॉर्डर आणि कॅसेट, सर्व माझ्या मुलीचे, म्हणजे आता नातीचे. यांची हत्यारं, मीटर आणि डाग द्यायची सोल्डरगन जावयांना. नवे हेडफोन शिवणवालीला द्यायचे होते, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं म्हणे, तेव्हा तेही नातीला.

कलम चार. मला माफ करावं असं मी कुणालाही लिहीत नाही. जिला लिहायचं ती नाही.

कॅसेटची पट्टी चुरगळत होती म्हणून जावई ती नकलून आणायला घेऊन गेलेत. मुलीचं बोलणं मी एकदाच ऐकलं. नात म्हणाली, "आजी, दोन्हीकडे दोघांचा आवाज येईल असं करून आणते. मग तू नव्यावर ऐक. कसंही घाल." शुक्रवारपर्यंत तिची परीक्षा आहे. माझ्या शुक्रवारचं मी त्यांना काही सांगितलं नाही. ज्या दारातून तिच्या आईला परत पाठवलं, त्याच दारात उभं राहून लवकर या म्हणायला जीभ उचलली नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: जिचे हे मृत्युपत्र ती

साक्षीदार पहिली: तळमजल्यावरची शिवणवाली (सही, रडत केल्यामुळे वाकडी)

साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन (सही)

ठिकाण: राहते घर, मागची खोली

वार: बुधवार, दुपार

नात नि जावई कॅसेट घेऊन शनिवारी येतो म्हणाले आहेत.